'बाई, मी ऐकलं होतं'

बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू घाईत होतास, मागे रिक्षाचा आवाज, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. एवढंच कळलं की ऑगस्टमधल्या आंतरशालेय इंग्रजी स्पर्धेचा पेपर यंदा तुला काढायचाय. आठवी ते दहावीचा गट, ऐकण्याचे २५ गुण आणि व्याकरणाचे २५. 'बाई, एखादा जुना पेपर असेल तर द्या, त्यावरून काढतो,' असं म्हणालास. जुने पेपर माझ्याकडे गठ्ठ्यानं आहेत, पण त्यातला एकही मी देणार नाही. का देणार नाही, ते सांगायला हे पत्र.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी पेपर तपासायला होते. टेपवर एक मुलगी आणि तिची मावशी यांचं बोलणं होतं आणि प्रश्न होता, मावशी कोणत्या वारी येणार? उत्तर होतं बुधवार. इंग्रजीत बुधवारच्या स्पेलिंगमध्ये मधे एक 'डी' येतो, तो बोलताना कुणी उच्चारत नाही. महापालिकेच्या शाळेतल्या एका मुलीनं कानाला आलं तसं 'वेन्सडे' लिहिलं, 'डी' गाळून. उत्तरसूचीवर छापलेलं होतं की स्पेलिंग चुकल्यास गुण नाही. मी लाल रेघ मारली. त्या एका गुणानं तिचा तिसरा क्रमांक गेला. निकालानंतर ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्यापुढे आली. भांडायला नाही. त्या रेघेवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, 'बाई, मी ऐकलं होतं.'

तिनं खरंच ऐकलं होतं. गुण मी ऐकण्याच्या रकान्यातला कापला होता आणि चूक लिहिण्यातली होती. नियमाप्रमाणे वागले म्हणून तेव्हा मला कुणी बोल लावला नाही, पण ते बोट मला अजून दिसतं. त्यानंतर मी जेवढे पेपर काढले, त्यांच्या कच्च्या प्रतीवर प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीनं लिहीत गेले: इथे गुण गेला तर कशापायी जाईल? ऐकू न आल्यामुळे की न समजल्यामुळे? की स्पेलिंगपायी, स्मरणशक्तीपायी, घरी इंग्रजी बोलत नाहीत म्हणून, मागच्या बाकावर बसवलं म्हणून? पहिली दोन कारणं सोडून दुसरं काही निघालं की तो प्रश्न मी खोडायचे. तूही असंच कर. जुन्या पेपरात हे दिसत नाही. तिथे फक्त प्रश्न दिसतात, आणि त्यातले निम्मे मी आज खोडले असते.

आधी उतारा. कुमारभारतीतला किंवा वर्तमानपत्रातला परिच्छेद उचलून माइकवर वाचून दाखवायचा ही आपल्याकडची जुनी सवय. तो वाचायचा मजकूर असतो. लांब वाक्यं, एका वाक्यात तीन माहित्या, आणि बोलताना माणूस थांबतो, चुकतो, स्वतःला दुरुस्त करतो त्यातलं काहीच नाही. ऐकायचा मजकूर बोलल्यासारखाच लिहावा लागतो. 'चार वाजता ये, नाही नाही, थांब, चारला माझा क्लास असतो, साडेचारला ये.' हे इंग्रजीत दोन आवाजांत बोललं गेलं आणि प्रश्न विचारला की भेट किती वाजता, तर जो शेवटपर्यंत ऐकतो त्यालाच उत्तर येतं. 'चार' एवढं पकडून पेन खाली ठेवणारा चुकतो, आणि तो ऐकण्यातच चुकतो. असा प्रश्न मला आवडतो.

उलट एक सांगते. स्टेशनवरची घोषणा हा चांगला उतारा, म्हणून एकदा मी डेक्कन क्वीनची घोषणा लिहिली. प्रश्न होता, गाडी पुण्याहून किती वाजता सुटते? माझ्या धाकट्या भावानं ते वाचलं आणि म्हणाला, 'ताई, सव्वासात. याला टेप कशाला हवी?' पुण्यातली अर्धी पोरं टेप न ऐकता ७.१५ लिहून मोकळी झाली असती. मग मी गाडीला उशीर करवला आणि विचारलं की आता ती किती वाजता सुटेल. न ऐकता उत्तर येतं का, हे पाहायला प्रश्न आधी घरातल्या कुणाला तरी उतारा न देता सोडवायला दे. तुझी आई चालेल.

प्रश्नपत्रिका टेप लागायच्या आधी हातात दे आणि एक मिनिट शांतपणे वाचू दे. कशासाठी ऐकायचं ते ठाऊक नसलं तर सगळंच लक्षात ठेवावं लागतं, आणि मग परीक्षा कानाची राहत नाही. प्रश्नांचा क्रम उताऱ्याच्या क्रमानंच ठेव. दोन उत्तरं एकाच वाक्यात नकोत, पहिलं लिहिताना दुसरं निसटतं. उतारा दोनदा ऐकव. आयएल्ट्समध्ये एकदाच ऐकवतात हे मला माहीत आहे. ती परदेशी शिकायला निघालेल्या मोठ्या माणसांची परीक्षा आहे, आपल्यापुढे तेरा ते पंधरा वर्षांची मुलं आहेत. पर्याय असतील तर तीन-चार शब्दांचे, कारण कानानं ऐकत डोळ्यांनी लांब वाक्य वाचणं मोठ्यांनाही जमत नाही. चौथा पर्याय उगाच भरतीला घालू नकोस, तीन दमदार असले तर पुरे. पण सगळाच पेपर पर्यायांचा करू नकोस. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी २५ पैकी सरासरी सहा गुण पदरात पडतात.

वेग मी मिनिटाला १२० ते १३० शब्द धरायचे. आवाज दोन हवेत, एक बाईचा, एक पुरुषाचा, दोघंही आपल्याकडचेच, स्वच्छ बोलणारे. नाकातून परदेशी हेल काढणारा कुणी धरून आणू नकोस. आणि 'व्हेस्ट' की 'वेस्ट' असले प्रश्न काढू नकोस. आपल्याकडे ते दोन्ही सगळेच वेगळे काढतात असं नाही, आपल्या रेकॉर्डिंगमधला माणूसही ते एकसारखेच म्हणाला, तर मुलांनी ओळखायचं काय? त्यापेक्षा सदाशिव पेठेतला एखादा पत्ता पिनकोडासकट सांगू दे. 'फोर डबल वन झीरो थ्री झीरो'. 'डबल' ऐकून दोन आकडे लिहिता येणं ही खरी गरज आहे, रोज फोनवर लागते.

आता एक असं, की ज्यावरून आयोजक तुझ्याशी वाद घालतील. मराठी माध्यमाच्या मुलांना ऐकण्याच्या काही प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहू दे. 'ती का रागावली?' याचं उत्तर मुलाला कळलेलं असतं, इंग्रजीत मांडता येत नाही. आपल्याला कळलंय का तेच पाहायचंय ना? मी नोकरीला लागले तेव्हा या मुलांचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, २००० सालापासून ते पहिलीत आलं. पण दहावीच्या १०० गुणांतले ८० अजून लेखीचेच, त्यामुळे वर्गात लिहिणं घोटलं जातं आणि इंग्रजी कानावर पडतं ते फक्त बाई धडा वाचतात तेव्हा. शेजारच्या बाकावर मात्र असा मुलगा असतो, ज्याच्या घरी टीव्हीपासून आजोबांपर्यंत सगळं इंग्रजीत चालतं. शालान्त मंडळही या दोघांना एकच पेपर देत नाही. एकाला इंग्रजी प्रथम भाषा, दुसऱ्याला तृतीय. तेव्हा मराठी आणि सेमी-इंग्रजीचा गट वेगळा, इंग्रजी माध्यमाचा वेगळा आणि बक्षिसंही वेगळी, एवढं तू मागूनच घे. नाही म्हणाले तर मला फोन कर, मी येऊन बोलते.

व्याकरणाच्या भागात तुझा हात आपोआप 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'कडे जाईल. 'फार' या अर्थाचा 'टू' काढा, 'नो सूनर' वापरा, व्हॉइस बदला. या कवायती मुलांना झोपेतही येतात. 'टू' दिसला की 'सो... दॅट... नॉट' टाकायचं, वाक्याचा अर्थ न वाचता. मी वर्गात मुद्दाम निरर्थक शब्दांचं वाक्य देऊन पाहिलंय, पोरांनी ते बिनचूक बदललं. त्यातून नियम आला हे कळलं, इंग्रजी आलं का ते कळलं नाही.

मराठी मुलाची खरी अडचण कुठे आहे ते मराठीतच शोध. आपण म्हणतो, 'मी काल तुळशीबागेत गेले होते.' साधी कालची गोष्ट, पण आपल्या तोंडी 'गेले होते' येतं. म्हणून मूल लिहितं, 'आय हॅड गॉन टू तुळशीबाग यस्टरडे.' इंग्रजीला तिथे नुसतं 'वेंट' पुरतं. 'हॅड गॉन' लागतं ते आधीची गोष्ट आणि नंतरची गोष्ट वेगळी दाखवायला. तर एका मुलीच्या डायरीचं पान लिही, सात-आठ ओळींचं, आणि त्यात अशा दोन-तीन जागा गाळ, काही 'वेंट'च्या, काही 'हॅड गॉन'च्या. किंवा दोन वाक्यं दे: 'व्हेन वुई रीच्ड, दे लेफ्ट' आणि 'व्हेन वुई रीच्ड, दे हॅड लेफ्ट'. आणि विचार, कोणत्या वाक्यात त्यांची भेट झाली असण्याची शक्यता आहे? इथे पाठांतर कामाला येत नाही.

एक सुटी ओळ देऊन 'योग्य रूप लिहा' म्हणू नकोस. 'इट ... रेन टुमॉरो' यात 'विल' बसतं आणि 'इज गोइंग टू'सुद्धा. कच्च्या मुलाला एकच येतं, तो लिहून पुढे जातो. चांगल्या मुलीला दोन्ही येतात आणि ती तिथे तीन मिनिटं घालवते. आधी 'लुक अ‍ॅट दोज डार्क क्लाउड्स' अशी ओळ घातलीस की ढग डोळ्यांपुढे आले, मग 'गोइंग टू' मागता येतं.

खरं सांगायचं तर हे दोन भाग मुळात वेगळे नाहीतच. भराभर बोलताना 'दे हॅड लेफ्ट'मधलं 'हॅड' जवळजवळ नाहीसं होतं, 'दे'ड लेफ्ट' एवढंच उरतं. 'ही वर्क्स'मधला 'स', 'अ बुक'मधला 'अ', हे कानाला लागतच नाहीत. ज्याला व्याकरण कळतं तो ते मनानं भरून घेतो. म्हणून मी एक जुनी गोष्ट कायम ठेवत आले: श्रुतलेखन. चाळीसेक शब्दांचा परिच्छेद, आधी सलग, मग तुकड्यातुकड्यांनी, मग पुन्हा सलग. मूल 'ही वर्क इन अ बँक' लिहितं तेव्हा एकाच चुकीत त्याचा कान आणि त्याचं व्याकरण दोन्ही दिसतात. इथे स्पेलिंगचा गुण कापायचा की नाही, ते आधी ठरव, छापून टाक आणि मुलांना वाचून दाखव.

सभागृह आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघ. ऑगस्ट आहे, वर पत्रा असला तर पावसाच्या एका सरीत सगळं वाहून जाईल. नदीकाठची शाळा असली तर संध्याकाळची वेळ घेऊच नकोस, पात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झालेला असतो. गुरुवार टाळ, पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी बऱ्याचदा लाईट जाते. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे ठेव. एका मोठ्या हॉलपेक्षा चार वर्ग आणि चार छोटे स्पीकर बरे. पंखे बंद करून शेवटच्या बाकावर बस आणि पूर्ण उतारा ऐक. तुला एक शब्द जरी चुकला तरी तिथे मूल बसवायचं नाही.

पेपर स्पर्धेआधी एकदा तरी मुलांवर चालवून बघ. स्पर्धेत न उतरणाऱ्या, लांबच्या एखाद्या शाळेतली तीस-पस्तीस मुलं पुरतात. सोडवून झाल्यावर प्रश्नपत्रिका मोजून परत घे. मग एकूण गुणांनुसार गठ्ठा लाव, वरचे दहा आणि खालचे दहा बाजूला काढ आणि एकेक प्रश्न ताडून बघ. माझ्या एका पेपरात 'आय यूज्ड टू गो बाय बस' असं वाक्य होतं आणि प्रश्न होता, ती आता बसनं जाते का? खालच्या दहांपैकी सात जणांनी बरोबर लिहिलं, वरच्या दहांपैकी फक्त तिघांनी. मला वाटलं, गठ्ठे उलटे झाले. पुन्हा टेप ऐकली तर दोन वाक्यांनंतर माझीच ओळ होती, की आज पाऊस आहे म्हणून मी बसनं आले. हुशार मुलांनी तीही ऐकली होती आणि गोंधळली होती. प्रश्न वाईट होता, मुलं नाही. सगळ्यांना आलेला प्रश्न क्रमांक लावायला निरुपयोगी, तरी सुरुवातीला असे दोन ठेव. मुलांचे हात थरथरत असतात.

दोघांचे गुण सारखे आले तर कोणाला वर धरायचं, हेही आधीच लिहून ठेव. श्रुतलेखनाचे गुण बघावेत असं माझं मत. जन्मतारीख बघून लहानाला वर धरतात, ते मला कधीच पटलं नाही.

कच्चा पेपर आणि रेकॉर्डिंग झालं की पुढच्या शनिवारी चारनंतर घरी ये. उत्तरसूची आणू नकोस. कोरी प्रश्नपत्रिका आण, स्पीकर स्वयंपाकघरात ठेवू आणि मी बाहेरच्या खोलीत बसून सोडवीन. माझा उजवा कान आता थोडा कमी ऐकतो, त्यामुळे मागच्या बाकाचा अंदाज येईल.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझ्या बाई