'लेकी बोले' म्हणताना बोलते कोण?

प्रश्न असा आहे की, शुभवर्तमानातला (म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातला) द्राक्षमळ्याचा दाखला ऐकून याजक, म्हणजे यहुदी मंदिराचे पुरोहित, संतापले, त्या प्रसंगाला 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण शोभेल का. दाखला म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा: मळा खंडाने घेतलेले लोक वाटा मागायला आलेल्या धन्याच्या चाकरांना मारहाण करतात आणि शेवटी त्याच्या मुलाचाच जीव घेतात. आधी एक तक्रार नोंदवतो: या म्हणीत लेक बोलते असे समजणारे मला वरचेवर भेटतात. 'लेकी' आणि 'सुने' ही दोन्ही प्रत्यय गळालेली चतुर्थीची रूपे आहेत; बोलणारी सासू वाक्यात आलेलीच नाही, आणि म्हणीची सगळी गंमत त्या अदृश्य कर्त्यात आहे.

आता 'लागे'. याचा अर्थ सरळ 'झोंबे' असा सांगणारे जाणकार घाई करतात, असे माझे ठाम मत आहे. 'लागणे' हे संस्कृत 'लग्न'मधून, प्राकृत 'लग्ग'च्या वाटेने आले, आणि 'लग्न' म्हणजे चिकटलेले. मांडवातले लग्नही तेच. बोलणे आधी चिकटते, झोंबते ते त्यानंतर. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात क्रम नेमका हाच आहे: हा दाखला आपल्यालाच उद्देशून आहे हे शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) व मुख्य याजक यांनी ओळखले, म्हणून त्याच घटकेला येशूला धरायला ते टपले, पण लोकांच्या भीतीने थांबले.

मला खरा आनंद देते ते मूळ ग्रीकमधले 'प्रोस' हे शब्दयोगी अव्यय. त्याचा अर्थ 'कडे' असा होतो आणि प्रसंगी 'विरुद्ध' असाही. नवव्या ओवीत येशू दाखला सांगतो तो 'प्रोस' लोकांना, आणि एकोणिसाव्या ओवीत याजकांना कळते की तो 'प्रोस' आपल्याला होता. एकच अव्यय दोनदा येते, एकदा लेकीसाठी आणि एकदा सुनेसाठी! मराठीने दोन क्रियापदे खर्चून जे साधले, ते ग्रीकने एका अव्ययात साधले आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच दाखला 21व्या अध्यायात येतो; तिथे मात्र ही म्हण लावू नये. मळ्याचा धनी त्या खंडकऱ्यांचे काय करील, असे येशू समोरच्या याजकांना आणि वडीलजनांनाच विचारतो, आणि त्या दुष्टांचा तो नाश करील, असा निवाडा ते आपल्याच तोंडाने देऊन बसतात. इथे लेक मध्ये नाहीच. सुनेलाच न्यायाधीश करून बसवले आहे.