'रन'चे अर्थ पाठ करू नकोस

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. ते पाठ करायला बसलीस तर आठवड्यात इंग्रजीचा कंटाळा येईल.

त्यापेक्षा कर्ता बघ. ठाणे-वाशी लोकल धावते, नाक वाहतं, नव्या कुर्त्याचा रंग जातो, एखादी बाई नगरसेवकपदासाठी उभी राहते, काकू नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवतात. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी 'रन' चालतं. मराठी आपल्याला येतेच, म्हणून अर्थ कर्त्यावरून आपोआप सुचतो. हा आपला मोठा फायदा आहे, तो वापर.

समानार्थी शब्द त्यानंतर. केंद्रासाठी 'मॅनेज' चालेल, यंत्रासाठी 'ऑपरेट'. नाकासाठी दोन्ही नाहीत. 'जॉग' म्हणजे तलावपाळीवरची सकाळची संथ फेरी, 'स्प्रिंट' म्हणजे सुटणारी गाडी पकडायला जीव तोडून पळणं. थिसॉरस उघडून सगळ्यात भारदस्त शब्द उचलायचा, ही सवय मला अजिबात पटत नाही. शब्द वाक्यात घालून मोठ्याने वाच, खटकला तर सोड.

वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य लिही. सुरुवात 'रन आउट', 'रन इन्टू', 'रन ओव्हर'पासून कर: साखर संपते, ओळखीचं कुणी अचानक भेटतं, गाडीखाली कुणी येतं. रोजच्या बोलण्यात हेच आधी लागतील.