चिरेखाणीवर ओला पंचा पुरतो का? एन-९५ धुऊन वापरता येतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ राजापूरकडे जांभ्या दगडाचे चिरे कापायच्या मशीनवर आहे. आधी तोंडाला ओला पंचा बांधायचा. आता तुम्ही एन-९५ मास्क आणून दिलेत, तर रोज संध्याकाळी ते साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालतो. हे चालतं का, असा प्रश्न आहे.

धुणं आजच बंद करायला सांगा. मी लोट्याच्या एमआयडीसीत एका औषध कारखान्यात हवेच्या फिल्टरांचं काम बघतो, त्यामुळे हे कापड रोज हाताखालून जातं. साबणाने धुतलेला मास्क दिसतो स्वच्छ, पण त्याची बरीचशी ताकद गेलेली असते.

बहुतेकांना वाटतं की फिल्टर म्हणजे चाळणी. भोक लहान, कण मोठा, म्हणून अडकला. तसं नाही. मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीन वितळवून गरम हवेच्या झोताने ओढलेले तंतू असतात, जाडी साधारण १ ते ५ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास.) तंतूंमधल्या फटी कणापेक्षा कितीतरी मोठ्या असतात, नाहीतर श्वासच घेता आला नसता. कण अडतो तो तंतूला टेकल्यामुळे, आणि एकदा टेकला की सुटत नाही. मोठ्या कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आपटतो. ०.१ मायक्रॉनहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतो आणि कुठेतरी तंतूला लागतोच. खरा त्रास देतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून चाचणीही त्याच मापाच्या मिठाच्या कणांवर होते; ९५ टक्के अडले पाहिजेत, तेव्हा एन-९५.

हे मधले कण पकडायला त्या थरावर विद्युतभार चढवलेला असतो. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांनी १९९०च्या दशकात या तंत्रावर मोठं काम केलं. भारित तंतू जवळून जाणारा कण ओढून घेतो, त्या कणावर स्वतःचा भार नसला तरी. साबण, स्पिरिट, सॅनिटायझर यांनी हा भार उतरतो. प्रयोगशाळेत फिल्टरचा भार मुद्दाम काढायचा असतो तेव्हा त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ देतात, यावरून काय ते समजा. तंतू जागेवरच असतात, पण ओढ गेलेली असते.

आपल्याकडच्या दमट हवेची मात्र धास्ती नको. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, आणि एन-९५ ची चाचणी घेण्याआधी तो ३८ अंश तापमानात, ८५ टक्के आर्द्रतेत २५ तास ठेवलेला असतो. म्हणजे आपला जूनच! घामाने ओला झाला तर सावलीत, वाऱ्यावर सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरेल. कागदी पिशवी बरी. धूळ साचेल तसा श्वास जड होत जातो. जड वाटायला लागला, पट्टे सैल झाले किंवा कुठे फाटला, की नवा घ्यायचा. झटकायचा नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही.

आता ओल्या पंच्याबद्दल. तो लाल होतो, म्हणून काम करतोय असं वाटतं. अडते ती जाड धूळ, जी एरवी नाकाघशातच थांबली असती. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती ४-५ मायक्रॉनच्या खालची, जी डोळ्यांना दिसतच नाही. शिवाय ओलं सूत फुगलं की श्वास कापडातून न जाता कडेने जातो.

कडेची गळती चांगल्या मास्कलाही बुडवते. भावाचा वापरलेला मास्क उजेडात धरून आतली बाजू बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबडी रेघ उमटली असेल, तर तिथून धूळ आत शिरतेय. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. कानात अडकवायच्या नाड्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कधीही चांगले. आणि दाढी रोज करायला हवी; खुंटांवर कुठलाच मास्क नीट बसत नाही. विकत घेताना आयएस ९४७३ (हे भारतीय मानक) आणि एफएफपी२ (साधारण एन-९५च्या तोडीचा दर्जा) हा शिक्का बघा. धुळीसाठी श्वास बाहेर सोडायची झडप असलेला घेतलात तरी हरकत नाही, उकाड्यात तो सोसवतो.

तरी मास्क हा शेवटचा उपाय. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडता आली तर धूळ उडायच्या आधीच बसते, त्यासाठी मालकाकडे आग्रह धराच. जांभ्यात मुख्यतः लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं असतात, क्वार्ट्झचं, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचं, प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. उद्या भाऊ सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे सिलिका वाळूच्या कामावर गेला, तर धोका कैक पटींनी वाढेल. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, एकदा झाला की बरा होत नाही.

भावाला खोकला किंवा धाप असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्या आणि डॉक्टरांना काम कसलं, किती वर्षांचं, ते आपणहून सांगा. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस आणि टीबी सारखे दिसू शकतात, आणि कामाचं कळलं नाही तर टीबीच्या गोळ्या सुरू होऊ शकतात.