आठ महिने झाले तरी मांजर जवळ येत नाही. मांजरांना माणसाबद्दल माया नसतेच का?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, माफ करा. पार्किंगमधून चार महिन्यांचं पिल्लू उचलून आणलंत, त्याला पाच प्रकारचं खाणं, मऊ गादी, किल्लीचा उंदीर असं सगळं दिलंत. आता ती वर्षाची झाली तरी दिवसभर फ्रिजवर बसून असते, उचललं की चावते, आणि तुमची आठ वर्षांची मुलगी 'मी तिला आवडतच नाही' म्हणून रडते. हसू आलं कारण सहा वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या आमच्या घरात हाच प्रश्न मी नवऱ्याला विचारत होते, हाताला पट्टी बांधून.

आमच्या मांजरीचं नाव ठकी. लहानपणी दापोलीकडच्या घरी आजीच्या वेळची एक लाकडी ठकी होती, रंग उडालेली, नाक झिजलेलं. मी तिला कुशीत घेऊन झोपायचे. ही ठकीही तशीच कुशीत झोपेल, ही माझी कल्पना. जिन्याखाली पावसात भिजत बसली होती, पाचेक महिन्यांची असेल. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं, चार लाडाचे शब्द बोलले, आणि तिने मनगटापासून कोपरापर्यंत तीन सरळ रेघा ओढल्या. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, शिवाय रेबीजच्या लसीच्या फेऱ्या. घरी येऊन बघते तर बाईसाहेब मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेल्या. तिच्यासाठी आणलेली गादी शेजारी तशीच, घडीसुद्धा न मोडलेली.

तर माया असते. पण आपण तिची वाट कुत्र्याच्या दारात बसून बघत असतो, घोळ तिथे आहे. दार उघडलं की अंगावर उडी, तोंड चाटणं, हाक मारली की धावत येणं, एवढीच मायेची खूण आपल्याला ठाऊक. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, कळपात राहणारे, मिळून शिकार करणारे. बाकीच्यांची मर्जी राखली नाही तर उपाशी राहायची वेळ. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. आता उंदीर तो केवढा! एकाच्याच पोटाला पुरतो. वाटून खायचंच नाही, तर कुणाला खूश ठेवायचं कशाला? शेती आली, धान्याची कोठारं आली, त्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे ही आली. कुणी तिला पकडून आणून शिकवलं असं फारसं झालेलं नाही, आपल्या पायांनी आली आणि राहिली.

सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, २००४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. एक माणूस आणि त्याच्याजवळ पुरलेलं साधारण आठ महिन्यांचं मांजर. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली असणार, इतकं सख्य. पण दोन सांगाड्यांमधलं अंतर किती, तर चाळीस सेंटीमीटर. कबरीतसुद्धा हात पुरेल एवढ्या अंतरावर, पण खेटून नाही! मला तर वाटतं पुरणाऱ्याला मांजरं चांगली कळत होती.

दापोलीला आजीकडे मांजरं असायची ती भातासाठी, म्हणजे भातावरच्या उंदरांसाठी. त्यांचे लाड करायचे असतात हे आजीच्या गावीही नव्हतं. मासेवाली येऊन गेली की आजी मागल्या दारी विळी घेऊन बांगडे साफ करायला बसायची. मांजर येऊन चार हातांवर बसायचं. तोंड भलतीकडेच, पेरूच्या झाडाकडे. एक कान मात्र विळीकडे वळलेला. आजी वर न बघता डोकं भिरकवायची, मांजर काही विशेष घडलं नाही अशा थाटात ते उचलायचं. मासे संपले, आजीने हात धुतले, तरी ते तिथेच. आजी पायरीवर टेकून सुपारी कातरायची, ते तिच्याकडे पाठ करून अंग चाटत बसायचं. मी एकदा विचारलं, 'आजी, हिला तू आवडतेस का गं?' आजी म्हणाली, 'ती बसते की इथे.' तेव्हा मला वाटलं, आजीने प्रश्नच नीट ऐकला नाही.

तुमची मांजर फ्रिजवर बसते असं लिहिलंय. फ्रिज कुठे आहे? स्वयंपाकघरातच ना, जिथे घरातली सगळी माणसं दिवसातून पन्नास वेळा येतात? खरोखर कुणी नको असतं तर ती कपाटावर, पलंगाखाली, गॅलरीतल्या कुंड्यांमागे गेली असती. उंचावरून सगळ्यांना बघता येईल अशी जागा तिने निवडली आहे. ठकी माझ्याकडे पाठ करून बसते याचा मला वर्षभर राग येत होता. मग एकदा नीट पाहिलं. माझ्या हातातला डबा खाली पडला, तिचा कान फक्त माझ्याकडे फिरला, मान जागची हलली नाही. आवाज माझा आहे, घाबरायचं कारण नाही, एवढं तिला माहीत होतं. ज्याच्यापासून धोका वाटतो त्याच्याकडे मांजर पाठ करत नाही.

जपानमध्ये आत्सुको साइतो नावाच्या संशोधक बाईंनी २०१३ मध्ये हे छान दाखवलं. वीस पाळीव मांजरांना त्यांच्याच घरी आवाज ऐकवले. आधी अनोळखी माणसांनी नावाने मारलेल्या हाका, मग मालकाची हाक. मालकाचा आवाज आला की कान वळत, डोकं वळत. ओळख पक्की. पण उठून कुणी जाईल तर शपथ! पुढे २०१९ मध्ये त्यांनीच दाखवलं की मांजरांना आपलं नावही इतर शब्दांमधून वेगळं कळतं. म्हणजे तुमची मुलगी हाका मारते ते तिला नीट ऐकू येतंय आणि समजतंही आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगनमध्ये क्रिस्टिन व्हिटाली यांनी मांजरांच्या पिल्लांवर तान्ह्या बाळांसारखाच प्रयोग केला: अनोळखी खोली, दोन मिनिटं त्याला सांभाळणारा माणूस सोबत, दोन मिनिटं पिल्लू एकटं, मग माणूस परत. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर निवांत झाली, त्याच्याशी थोडी लगट केली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. आता हे निवांत होणं बघणाऱ्याला काय दिसतं? एक पिल्लू खोलीत हिंडतंय, बास.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात नव्हती. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाचा हात, वास, आवाज त्याच्या अंगवळणी पडतो. त्या दिवसांत ज्याला रोज कुणी हळूच हाताळलं, ते पुढे मांडीवर बसायची शक्यता जास्त. तुमचं पिल्लू त्या वयात गाड्यांच्या चाकांमध्ये होतं. माणूस म्हणजे हुसकावणारं कुणीतरी, हे ते तिथे शिकलं. चार महिन्यांनंतर आणलेलं मांजर माणसाळतं, पण सावकाश. उशिरा लावलेल्या विरजणाला वेळ लागणारच, सारखं ढवळून बघितलं तर दही मुळीच लागत नाही.

आणि तुम्ही ढवळताय. मुलगी तिला मानेच्या कातडीला धरून उचलते, 'मांजरीण पिल्लांना अशीच धरते' म्हणून. कीर्तनात बुवा मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात ना? माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, मांजराच्या पिल्लाला आई धरते, पिल्लू स्वतःला तिच्यावर सोपवून देतं. ते तान्ह्या पिल्लाचं. वर्षभराच्या मांजरीला मानेला धरून उचललं तर दुखतं आणि भीतीही वाटते. तुमची मुलगी हौसेने धरते, पण मांजरीला तिथे आई सापडत नाही, पकडणारा हात सापडतो. हे तेवढं आजपासून बंद करा.

मग करायचं काय? माझ्या सासूबाई करतात ते. साताऱ्याहून वर्षातून दोनदा येतात. मांजर त्यांना बिलकुल चालत नाही. 'मेलीने केस पाडून ठेवले', 'आडवी आली बघ सकाळी सकाळी'. दुपारी त्या चटईवर भिंतीला टेकून वाती वळत बसतात. कापूस मांडीवर, नजर बोटांवर, तोंडातल्या तोंडात नामस्मरण. ठकी पहिल्या दिवशी दारात बसली, दुसऱ्या दिवशी चटईच्या कडेला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या नऊवारीला अंग लावून ऐसपैस पसरली, हनुवटी त्यांच्या पावलावर, आणि घुरघुर अशी की मला पलीकडच्या खोलीत ऐकू यावी. मी सहा वर्षं जिच्यासाठी जीव टाकते ती ही! तासाभराने सासूबाईंनी मला हळूच हाक मारली: 'अगं, पाण्याचा तांब्या दे इकडे. पायाला मुंग्या आल्यात, पण आता उठू कशी?'

गंमत म्हणजे मांजरीच्या नजरेने बघितलं तर यात नवल काहीच नाही. सासूबाई टक लावून बघत नाहीत. अंगावर वाकत नाहीत, वरून हात आणत नाहीत. आवाज खालच्या पट्टीतला आणि एकसारखा. एका जागी तासभर बसतात. झुरिकचे डेनिस टर्नर यांनी घरोघरची मांजरं आणि माणसं वर्षानुवर्षं बघून जे सांगितलं तेही हेच: लगट मांजरीने सुरू केली तर ती बराच वेळ चालते, माणसाने सुरू केली तर लवकर आटोपते. घरात मांजराचा तिटकारा असलेला जो कुणी असतो, नेमकं त्याच्याच पायात ते घोटाळतं. त्याचं कारण हे. त्याने काही मागितलेलं नसतं.

डोळ्यांचंही एक सांगते. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण लबाडाला म्हणतो, पण मांजरांमध्ये डोळे मिटणं हा भरवशाचा भाग आहे. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं: माणसाने मांजरीकडे बघत डोळे बारीक करून सावकाश मिटले-उघडले की मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसाने असं केलं तर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे यायला जास्त तयार होतात. फ्रिजखाली उभं राहून दोन मिनिटं करून बघा. घरचे हसतील, हसू देत. (दुधाचं निघालंच आहे तर: तुम्ही बशीभर दूध देता असं लिहिलंय. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याचजणींना ते पचत नाही, पोट बिघडतं. पाणी ठेवा.)

खाणं मात्र मुलीच्या हातून द्या, ठरलेल्या वेळी, आणि ताट ठेवलं की मुलीने तिथून बाजूला व्हायचं. शेपटी काठीसारखी उभी, टोक जरा वाकडं, अशी चालत आली तर ते स्वागत समजा. गाल नाहीतर कपाळ पायावर घासलं तर ती स्वतःचा वास तुम्हाला लावते आहे. तिच्या हिशेबात तुम्ही घरातल्या सामानात जमा झालात. पोट वर करून लोळली तर मात्र हात घालू नका. भरवसा दाखवला म्हणजे हात लावायची परवानगी दिली असं नसतं, आणि ओरखडे बहुतेक त्याच गैरसमजातून मिळतात. कुरवाळायचंच तर गालाला, कानाच्या पुढे, तीन-चार वेळा, आणि थांबायचं. तिने डोकं पुढे केलं तर पुढचं.

पूर्वी हुंदडणारी मांजर अचानक लपून राहायला लागली, दोन दिवस खाल्लं नाही, लघवीला बसते पण होत नाही, असं काही असेल तर मात्र हे सगळं लांबचं वाचत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

आणि खरं तेही सांगते: ठकी माझ्या मांडीवर सहा वर्षांत एकदाही बसलेली नाही. आता बसेल असं वाटतही नाही. मी तांदूळ निवडायला सूप घेतलं की ती सुपात येऊन बसते, तांदळावरच. उठवलं की पेपरवर. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर ठाण मांडते, बाहेर आले की मला ओळखत नसल्यासारखी निघून जाते. मागच्या थंडीत ताप आला होता तेव्हा तीन दिवस पायथ्याशी होती, माझ्या पायांपासून बरोबर एक वीत सोडून. ती वीत मी कमी करायला गेले नाही.

तुमच्या मुलीला आज एवढंच सांगा: शाळेचं कुठलंही पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बस, फ्रिजकडे पाठ कर, आणि हळू आवाजात वाच. मांजरीचं नाव घ्यायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. रोज पंधरा मिनिटं. आठवडा जाईल, कदाचित महिना जाईल. आणि ती खाली उतरलीच, तर कृपा करून तुम्ही फोटो काढायला उठू नका.