ब्लॉगचं भांडवल आईच्या पाटीत आहे

पत्र : मॅडम, मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. वेसावे कोळीवाड्यात राहते. बाबा बोटीवर जातात, आई अंधेरीत मासळी विकते. तीन वर्षांपासून ब्लॉग लिहितेय. 92 पोस्ट झाल्या, पण दिवसाला जेमतेम 30-35 जण येतात. मैत्रीण म्हणते इंग्रजीत लिही. एक जण म्हणतो, तीन हजार रुपये दे, महिन्याला दहा हजार व्हिजिटर्स आणून देतो. बाबांना वाटतं मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात. आई एवढंच विचारते, यातून पोट भरेल का? ब्लॉग मोठा कसा करू आणि यात करिअर आहे का? सोबत ब्लॉगची लिंक आणि गूगलच्या सर्च कन्सोलचे, म्हणजे शोधातून ब्लॉगवर कोण कसं येतं ते दाखवणाऱ्या साधनाचे, स्क्रीनशॉट पाठवतेय.

उत्तर : आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. नुसत्या ब्लॉगवर पोट भरणार नाही. निदान पुढची दोन-तीन वर्षं तरी ती आशा धरू नकोस. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात (गूगलच्या जाहिरातींचे पैसे जिथे जमतात तिथे) 100 डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही, आणि आजच्या तुझ्या वाचकसंख्येवर तिथवर पोचायला फार काळ लागेल. त्यामुळे सध्या जाहिराती लावूच नकोस, पान जड होतं आणि हाती काही येत नाही. पण ब्लॉगच्या जोरावर लिखाणाची नोकरी मिळू शकते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, माझ्याकडे आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत पाहिलेलं आहे. त्याकडे शेवटी येते.

शनिवार-रविवार बसून तुझा ब्लॉग पहिल्या पोस्टपासून वाचला. कविता आहेत, सिनेमांवर लिहिलंय, कॉलेजच्या सहली आहेत, परीक्षेच्या ताणावर दोन-तीन लेख आहेत. तुझी भाषा स्वच्छ आहे. पण सिनेमावरचं तुझं लिखाण वाचताना हे लिहिणारी वेसाव्याची आहे की नाशिकची, ते कळत नाही. मग मी ‘दर्याची साद’ या पोस्टवर आले आणि खुर्चीत सावरून बसले. पहाटे आई पाटी भरत असते, तू शेजारी बसलेली. ती पापलेट उचलते, कल्ल्याजवळ अंगठा दाबते. पांढरट पाणी आलं तर मासा ताजा, लालसर आलं तर बाजूला. मग ती तुझा अंगठा धरून तुला दाबायला लावते. सहा वर्षांची असताना शिकलेली ही गोष्ट तू दहा ओळींत अशी लिहिली आहेस की मला मासळीचा वास आला. मुंबईत पापलेट घेणारे लाखो लोक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना हे कुणी हाताला धरून शिकवलेलं नाही.

आता तुझेच स्क्रीनशॉट बघ. 92 पैकी मासळीवरच्या पोस्ट फक्त 9 आहेत, आणि गूगलवरून येणारे निम्म्याहून जास्त वाचक त्या 9 पोस्टवर उतरतात. म्हणजे वाचकांनी कौल दिलेला आहे, तू तो उघडून पाहिला नाहीस. ‘दर्याची साद’ शोधात बऱ्याचदा दिसते, पण उघडतात फार थोडे, आणि तिचा सरासरी क्रमांक 12-13 आहे, म्हणजे साधारण दुसऱ्या पानावर. तिथवर कोण जातं? अशा पोस्टवर आधी हात फिरवायचा असतो. नव्या दहा पोस्ट लिहिण्यापेक्षा दाराशी येऊन थांबलेली ही एक आत घेणं सोपं आहे.

पहिलं काम शीर्षकाचं. बाजारात उभा राहून फोनवर शोधणारा माणूस ‘दर्याची साद’ असं टाइप करणार नाही. तो विचारतो, ‘पापलेट ताजं कसं ओळखायचं?’ तेच शीर्षक दे, आणि उत्तर पहिल्या परिच्छेदात दे. पहाटेचं वर्णन, आईचा अंगठा, सगळं त्यानंतर राहू दे. ते काढू नकोस, माणूस त्यासाठीच परत येतो. ‘दर्याची साद’ हे नाव मासळीच्या पूर्ण विभागाला दे, तिथे ते शोभेल.

नावांचा घोळही सोडवायला हवा. मुंबईकर ज्याला पापलेट म्हणतो त्याला मालवणकडचा माणूस सरंगा म्हणतो आणि हॉटेलच्या मेन्यूत तेच पॉम्फ्रेट असतं. ही तिन्ही नावं लेखात सहज आली पाहिजेत, नाहीतर कणकवलीहून शोधणाऱ्याला तुझा लेख सापडणार नाही. बरेच जण मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. सर्च कन्सोलमध्ये ‘क्वेरीज’चा तक्ता उघडलास की लोक नेमके कोणते शब्द, कुठल्या स्पेलिंगनं टाकतात ते दिसेल. हे साधन फुकट आहे, 16 महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं आणि तुझ्याकडे ते सुरू आहे. दर रविवारी अर्धा तास त्या तक्त्यासमोर बस. आईला गिऱ्हाईक काय विचारतं ते जसं तिला ठाऊक असतं, तसं तुला तुझ्या वाचकाचं ठाऊक हवं.

मी मासळीवर एवढी का अडून बसले आहे? गूगलनं डिसेंबर 2022 मध्ये शोध-निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या माणसांच्या नियमावलीत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष घातला. ऑगस्ट 2024 पासून भारतातही शोधाच्या वरच एआयनं तयार केलेलं उत्तर दिसू लागलं. त्यामुळे कुठेही मिळणारी माहिती पुन्हा लिहिणाऱ्या ब्लॉगला आता कठीण दिवस आहेत. ‘मासे खाण्याचे दहा फायदे’ हे कुणीही लिहील, यंत्रही लिहील. बोंबिलात पाणी किती असतं, तळण्याआधी तो वजनाखाली दाबून का ठेवतात आणि घाई केली तर तव्यात त्याचं काय होतं, हे तुझ्या घरात रोज घडतं. तो अनुभव तुझ्याकडे जन्मापासून आहे.

अनुभवाला अभ्यासाची जोड दिलीस तर लेखाला वजन येईल. 1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था तुझ्या वेसाव्यातच आहे. तिथे पत्र देऊन भेटीची वेळ माग. माशांची शास्त्रीय नावं, विणीचा हंगाम याबद्दल तिथल्या अभ्यासकांना विचार. सिल्व्हर पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. लहान पापलेट जाळ्यात येण्याबद्दल बाबा काय म्हणतात आणि अभ्यासक काय म्हणतात, हे शेजारी शेजारी मांडलंस तर तो लेख एखाद्या दैनिकाच्या पुरवणीतही जाईल.

वेळेचं गणित तर तुला कुणी शिकवायला नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्याआधी घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी सुरू होते. सोडे, जवळा, सुकट, सुके बोंबील. म्हणजे सुक्या मासळीवरची पोस्ट जूनमध्ये लिहून उपयोग नाही. ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवी, कारण नवी पोस्ट गूगलच्या नजरेत भरायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. नारळी पौर्णिमेचं लिखाण जुलैच्या सुरुवातीला तयार हवं. वर्षाचं असं कॅलेंडर भिंतीवर लाव. मग रोज लिहायची गरज उरत नाही. पंधरा दिवसांतून एक भरीव पोस्ट पुरे, आणि एका जुन्या पोस्टची दुरुस्ती.

फोटोंबद्दल थोडं कडक बोलते. काही पोस्टवर तू गूगलवरून उचललेले फोटो लावले आहेत. ते आजच काढ. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. कुणी तक्रार केली तर पोस्ट जाते, आणि उद्या नोकरी देणाऱ्याच्या नजरेला ते आलं तर विश्वास जातो. तुझ्या फोनमधले फोटो त्याहून चांगले आहेत, फक्त ते चार-पाच एमबीचे तसेच चढवलेस. 200 केबीच्या आत आणून लाव, पान भराभर उघडेल. बाजारातल्या मावश्यांचा फोटो घेताना आधी विचार, आणि छापल्यावर त्यांना दाखव.

इंग्रजीत लिहायचं का? नको. इंग्रजीत मासळीवर लिहिणारे खूप आहेत, आणि ‘वेळ चुकली की बोंबील पाणी होतो’ हे वाक्य तुला इंग्रजीत सुचणार नाही. इंग्रजी वाचत राहा, नोकरीत लागेल.

दहा हजार व्हिजिटर्सवाल्याला सरळ नाही म्हण. तो माणसं आणत नाही, आकडे आणतो. असे खोटे क्लिक अ‍ॅडसेन्सच्या नियमांविरुद्ध आहेत आणि पुढे जाहिराती लावशील तेव्हा खातंच बंद होऊ शकतं. त्या तीन हजारांतून स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घे. साधं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. आणि दर महिन्याला सगळ्या पोस्टचा बॅकअप उतरवून ठेव. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची पाच वर्षांची पोस्टं एका रात्रीत गेली. ज्या स्वस्त होस्टिंगवाल्याकडे ब्लॉग होता त्यानं सेवाच बंद केली आणि या मुलाकडे एकही प्रत नव्हती. माझ्यासमोर बसून तो आठवेल ती शीर्षकं वहीत लिहीत होता. ती वही मी विसरू शकत नाही.

आता करिअर. आधी टी.वाय. चांगल्या गुणांनी पूर्ण कर. एप्रिलपर्यंत ब्लॉगला आठवड्याचे चार-पाच तास, त्याहून जास्त नाही. पदवीनंतर पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेता येईल, मुंबई विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशाच्या तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून ठेव. शिकता शिकता कामही मिळू शकेल. अंधेरी, लोअर परळमधल्या डिजिटल एजन्सींना मराठीत मूळ लिहिणारी माणसं लागतात, कारण इंग्रजी जाहिरातीचं ओढूनताणून केलेलं मराठी वाचकाला लगेच खटकतं. दैनिकांच्या वेब आवृत्त्या आहेत, सबटायटल्सचं काम आहे. तिथे मुलाखतीत मार्कशीटनंतर विचारतात, ‘काय लिहिलंय ते दाखवा.’ तेव्हा 92 पोस्टची लिंक देऊ नकोस. सहा निवडक पोस्ट दे, आणि एका कागदावर लिही की शीर्षक बदलण्याआधी या पोस्टला किती वाचक होते आणि सहा महिन्यांनी किती झाले. लिहिता येणारे बरेच भेटतात, पण आपल्या लिखाणाचं पुढे काय झालं ते मोजून सांगणारे मला फार कमी भेटले आहेत.

बँकेच्या परीक्षांना विरोध करू नकोस. बाबा समुद्राच्या भरवशावर जगले, त्यांना लेकीच्या हातात महिन्याचा ठरलेला पगार हवा आहे. यात चुकीचं काय आहे? त्यांना सांग, पदवीनंतर एक वर्ष मी लिखाणातली नोकरी शोधते, सोबत एक परीक्षाही देते. वर्षानं घरातले सगळे मिळून पुन्हा बोला.

कुणी मासळी घरपोच देणारी कंपनी ‘आमच्याबद्दल चांगलं लिही’ म्हणत आली तर पैसे घ्यायला हरकत नाही, पण ती जाहिरात आहे हे वरच, ठळक लिहायचं. जाहिरात मानक परिषदेची 2021 पासून तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिवाय तुझा वाचक तुझ्या शब्दावर पापलेट विकत घेणार आहे.

सोड्यांची पोस्ट लिहायला घेशील तेव्हा आईला माझा एक प्रश्न विचार. मी दर मे महिन्यात सोडे भरते आणि ऑगस्टपर्यंत त्यांना वास यायला लागतो. ऊन कमी पडतं, की मी डबा चुकीचा वापरते? तिचं उत्तर मला पत्रानं कळवू नकोस, पोस्टमध्येच लिही. मी तिथे येऊन वाचेन.