प्रश्न आपले : परराज्यातील मोठे विद्यापीठ निवडताना

प्रश्न : आमची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असून तिला संगणकशास्त्र शिकायचे आहे. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात तिला थेट संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील संकुलातही मिळाला आहे, पण तेथे विषय न ठरलेली विद्यार्थिनी म्हणून. घराजवळच्या रटगर्स विद्यापीठात कला व विज्ञान शाखेत प्रवेश आहे. तिचा ओढा इलिनॉयकडे आहे. पहिल्या वर्षानंतर विषय बदलून घेईन, असे ती म्हणते. आमचे परिचित सांगतात की वर्षभर तेथे राहिली की ती ‘इन-स्टेट’, म्हणजे कमी फी भरणारी त्या राज्याची रहिवासी, होईल आणि फी निम्म्यावर येईल. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे उत्पन्नावर आधारित मदत मिळणार नाही. पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या गर्दीत ती हरवून जाईल, ही भीती मला वेगळीच छळते. १ मेच्या आत उत्तर कळवायचे आहे. काय करावे?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आपण फी आणि गर्दी यांबद्दल विस्ताराने विचारले आहे, पण या निवडीतली सर्वांत मोठी गोष्ट आपल्या पत्रात एका वाक्यात आली आहे. ती अशी की इलिनॉयमध्ये मिळालेला प्रवेश संगणकशास्त्राचा नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला प्रवेश घेताना कॉलेज आणि शाखा या दोन्ही गोष्टी एकदम ठरत, आणि मनासारखी शाखा मिळाली नाही तर ती पुढे बदलणे किती अवघड असते, हे आपल्या पिढीला चांगले ठाऊक आहे. अमेरिकेत मात्र आधी विद्यापीठात शिरायचे आणि विषय मागाहून निवडायचा, असे आपण ऐकत आलो. छोट्या खासगी कॉलेजांच्या बाबतीत ते अजूनही बरेचसे खरे आहे. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांतल्या गर्दीच्या विषयांच्या बाबतीत ते आता खरे राहिलेले नाही. इलिनॉय असो की सिअ‍ॅटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ, संगणकशास्त्राच्या जागा मुख्यतः हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांनी भरतात आणि आत गेल्यावर त्या विषयात बदली मिळणे अतिशय कठीण असते.

मध्यपश्चिमेतल्या एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून काम केले. परराज्यातून आलेला, गणितात हुशार आणि अभ्यासात कष्टाळू असा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्यालाही विषय बदलून मिळेल अशी खात्री होती, आणि ती त्याला प्रवेशाच्या वेळी कोणीतरी तोंडी दिलेल्या आश्वासनातून आलेली होती. दोन वर्षे त्याने दर सत्राला अर्ज केला. गुण उत्तम होते, जागा नव्हती. तिसऱ्या वर्षी त्याने अर्थशास्त्र घेतले, ते मनापासून शिकला आणि पुढे त्याचे चांगलेही झाले. पण त्याच्या आईवडिलांनी चारही वर्षे परराज्याचा पूर्ण दर भरला तो ज्या विषयासाठी, तो विषय त्याला कधी मिळालाच नाही. त्यांचा माझ्या कार्यालयातला चेहरा आठवला की आजही वाटते, हा एक प्रश्न त्यांनी एप्रिलमध्येच लेखी विचारायला हवा होता.

म्हणून मुलीला इलिनॉयच्या विभागाला स्वतः ई-मेल लिहू द्या : विषय न ठरलेल्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्रात येता येते का, येत असल्यास कोणत्या अटींवर, आणि अटी पूर्ण केल्यावर जागेची हमी असते की पुन्हा स्पर्धाच असते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मागून घ्या. रटगर्सच्या कला व विज्ञान शाखेत आरंभीचे ठरावीक अभ्यासक्रम आवश्यक गुणांनी पूर्ण केल्यावर संगणकशास्त्र हा मुख्य विषय म्हणून जाहीर करता येतो. अट पूर्ण करून विषय मिळणे आणि अट पूर्ण करून रांगेत उभे राहणे, या दोहोंत फार मोठा फरक आहे.

इलिनॉयच्या नावाची मोहिनी मला समजते. मोझॅक हा ब्राउझर १९९३ मध्ये तेथेच तयार झाला आणि भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे जॉन बार्डीन तेथेच शिकवत असत. पण आपल्या मुलीला हेही सांगा की अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग १९६२ मध्ये पर्ड्यूत सुरू झाला, आणि त्या विभागाने तिला नाव घेऊन बोलावले आहे.

आता ‘इन-स्टेट’ होण्याबद्दल. आपल्या परिचितांनी सांगितले ते पदवीच्या विद्यार्थ्यांना जवळजवळ कधीच लागू होत नाही. विद्यार्थी आर्थिकदृष्ट्या पालकांवर अवलंबून असेल, तर सर्वसाधारणपणे पालक जेथे राहतात तेच त्याचे राज्य मानले जाते. केवळ शिक्षणासाठी राहिलेला काळ मोजला जात नाही, आणि विद्यार्थ्याने तेथे वाहनपरवाना काढला किंवा मतदार म्हणून नाव नोंदवले तरी तेवढ्याने भागत नाही. विद्यापीठाजवळ सदनिका विकत घेतली म्हणून दर बदलेल, हाही असाच एक समज आहे. यावर खटलेही झाले आहेत. कनेक्टिकट विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींच्या दाव्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रवेशाच्या वेळी परराज्यातला होता म्हणून विद्यार्थ्याला कायमचा परराज्यातला मानता येणार नाही, त्याला पुरावा देण्याची संधी मिळाली पाहिजे. परंतु राज्याने आपल्या रहिवाशांना कमी दर लावावा आणि रहिवासाच्या वाजवी अटी घालाव्यात, हा अधिकार न्यायालयाने मान्यच केला. आपले घर आणि नोकऱ्या न्यू जर्सीत आहेत, तोवर चार वर्षे पूर्ण दर धरूनच हिशेब करावा.

हे दोन दर मुळात का आहेत, तेही थोडे सांगतो, कारण त्याविना मनात उगीच अन्यायाची भावना राहते. १८६२ मध्ये लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील (अमेरिकेच्या संसदेतील) प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. यातली बरीच जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरता कामा नये. इलिनॉय १८६७ मध्ये आणि पर्ड्यू १८६९ मध्ये अशीच उभी राहिली. आपले रटगर्स त्याहून कितीतरी जुने असले, तरी १८६४ मध्ये न्यू जर्सीने या कायद्याचा लाभ त्यालाच दिला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकले, ते ऑरेगनमधल्या अशाच एका कृषी महाविद्यालयात. ही विद्यापीठे राज्याच्या करदात्यांची आहेत, आणि रहिवाशांना मिळणारा कमी दर हा त्या कराचा परतावा आहे. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान आखडते घेतले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी परराज्यातल्या विद्यार्थ्यांना आवर्जून बोलावले जाऊ लागले. उत्तर कॅरोलायनाने मात्र १९८६ पासून आपल्या मुख्य विद्यापीठात परराज्यातील नवीन विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा ठेवली आहे. चकचकीत निमंत्रणपत्र घरी येते तेव्हा आपल्या मुलीच्या गुणवत्तेबरोबर आपला पूर्ण दरही त्यांना हवा असतो. त्यात गैर काही नाही. पण तो दर भरणाऱ्याने बदल्यात काय मिळते, हे ठामपणे विचारावे.

पर्ड्यूने २०१३ पासून शिक्षणशुल्क वाढवलेले नाही : रहिवाशांना वर्षाला ९,९९२ डॉलर आणि अमेरिकेतल्याच परराज्यांतील विद्यार्थ्यांना २८,७९४ डॉलर. राहणे-जेवणे धरून हा खर्च ४०,००० डॉलरच्या पुढे जातो. रटगर्सला संकुलात राहून शिकल्यास न्यू जर्सीच्या विद्यार्थ्याला ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान खर्च येतो, आणि एडिसनहून रोज ये-जा केल्यास त्यातला मोठा भाग वाचतो. इलिनॉयचा परराज्याचा एकूण खर्च ६०,००० डॉलरच्या वर जातो आणि तेथे विषयानुसार शुल्कही बदलते. म्हणजे पर्ड्यू आणि रटगर्स यांतला फरक, विमानाची तिकिटे धरूनही, आपल्यासारख्या कुटुंबाला पेलण्याजोगा आहे. इलिनॉय आणि रटगर्स यांतला फरक चार वर्षांत एक लाख डॉलरच्या घरात जातो. शासनाचे शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर आणि पदवी होईपर्यंत एकूण ३१,००० डॉलर मिळते. बाकीचा भार पालकांच्या नावावर येतो. पालकांसाठीच्या शासकीय कर्जालाही जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. निवृत्तीसाठी साठवलेला पैसा यात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण शिक्षणासाठीच्या ५२९ या बचत योजनेत काही साठवले असेल, तर ते कोणत्याही राज्यात वापरता येते.

शेजारच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना सवलत देणारे करार पश्चिमेत, मध्यपश्चिमेत, दक्षिणेत आणि न्यू इंग्लंडमध्ये आहेत. न्यू जर्सी त्यांपैकी कशातच नाही. गुणांवर मोठी सवलत देणारी अलाबामासारखी विद्यापीठे आहेत, पण त्यांचा विचार पुढच्या मुलाच्या वेळी करा.

गर्दीची आपली भीती खोटी नाही, फक्त ती वेगळ्या ठिकाणी आहे. तीनशे-चारशे विद्यार्थ्यांच्या व्याख्यानात प्राध्यापक आपल्या मुलीला ओळखणार नाहीत. परंतु त्याच विषयाचे आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस जणांचे चर्चावर्ग असतात, आणि प्राध्यापकांनी भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळेत बहुतेक आठवडे कोणीही फिरकत नाही. आपल्याकडे शिक्षकांना जाऊन प्रश्न विचारणे हे कमीपणाचे किंवा पुढेपुढे केल्याचे लक्षण मानायची सवय आहे, आणि घरातून आलेला तो संकोच मोठ्या विद्यापीठात फार महाग पडतो. माझ्याकडे येणाऱ्यांत जी मुले पहिल्याच महिन्यात एका प्राध्यापकाला, एका सल्लागाराला आणि वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला नावानिशी ओळखू लागली, ती कधी हरवली नाहीत. लाजाळू पण चिकाटीची मुलगी असेल तर तिला ऑनर्स कॉलेजसाठी, म्हणजे विद्यापीठातल्याच निवडक विद्यार्थ्यांच्या गटासाठी, अर्ज करायला सांगा. तेथे वर्ग लहान असतात.

एक गोष्ट आईवडिलांना जड जाते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरचा हक्क त्याच्याकडे जातो. फी आपण भरत असलात तरी तिच्या परवानगीशिवाय विद्यापीठ आपल्याला सहसा काही सांगणार नाही. वैद्यकीय माहितीचेही अठराव्या वर्षानंतर तेच. जाण्यापूर्वी तिच्याशी बोलून वैद्यकीय अधिकारपत्रावर तिची सही घ्या, आणि आपला आरोग्यविमा इंडियानात चालतो का ते पाहा. काही विमे राज्याबाहेर केवळ तातडीचे उपचार देतात.

माझा सल्ला असा की इलिनॉयच्या विभागाने लेखी हमी दिली नाही, तर ते नाव यादीतून काढावे. उरलेल्या दोहोंत मी पर्ड्यूकडे झुकेन, कारण विषय हातात आहे आणि घरापासून दूर राहण्याची तिची इच्छा दिसते. पण तिने स्वतः रटगर्स म्हटले, तर ते कमी दर्जाचे मानून तिचे मन वळवू नका.

प्रश्न : आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा एच-फोरवर (२१ वर्षांखालील मुलांना आणि जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर). ग्रीन कार्डाची रांग लांब आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तो २१ वर्षांचा होईल. परराज्यातल्या विद्यापीठाचा विचार करावा का?
— एक वडील, जॉर्जिया

उत्तर : करावा, पण वेगळ्या हिशेबाने. एच-फोरवरच्या विद्यार्थ्याला केंद्र शासनाचे अनुदान किंवा कर्ज मिळत नाही. २१ व्या वर्षी बहुधा त्याला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल, आणि आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात रहिवासी दर मिळत असला तरी तो तेव्हा अनेक ठिकाणी सुटतो. परराज्यात तो दर मुळात नसतोच, म्हणून तेथे धक्का कमी बसतो. मात्र पर्ड्यूसारखी काही विद्यापीठे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना परराज्यापेक्षाही अधिक शुल्क लावतात, तेव्हा दोन्ही दर विचारून घ्या. दुसरी बाजू अशी की एच-फोरवर सशुल्क इंटर्नशिप करता येत नाही, तर एफ-वनवर पहिल्या शैक्षणिक वर्षानंतर ती शक्य होते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत काम करता येते. त्यामुळे काही मुले २१ ची वाट न पाहता आधीच बदल करतात. आपल्या अर्जाच्या तारखांवरून मुलाचे वय कायद्याने गोठवले जाते का, म्हणजे ग्रीन कार्डासाठी तो २१ च्या आतलाच धरला जातो का, हे वकिलाकडून आताच तपासून घ्या, आणि व्हिसाबदलाच्या अर्जाला कित्येक महिने लागू शकतात हे धरून दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात त्याला पाठवा.