चांदीच्या अंगठीला डाख लावताना सोल्डरचा गोळा का होतो? सांधा स्वच्छ कसा येईल?

हणजूणच्या बाजारात विकायला तुम्ही घरीच चांदीच्या अंगठ्या करता, सोल्डर सांध्यात उतरत नाही, वर गोळा होऊन बसतं आणि भोवतालची चांदी काळी पडते, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्याला चांदीचंच काम करतो. माझं म्हणणं एवढंच की डाख, म्हणजे तुमचं सोल्डर, गोळा झाला म्हणजे डाख तापलाय, चांदी तापलेली नाही.

सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत भराभर वाहून नेते ती चांदी. तुम्ही सांध्यावर ज्योत धरता, तेव्हा ती उष्णता लगेच अख्ख्या अंगठीत पसरते. डाखाचा इवलासा तुकडा मात्र थेट ज्योतीत असतो, तो आधी वितळतो. शेजारची चांदी अजून थंड, मग तो जाणार कुठे? म्हणून ज्योत आधी सांध्याच्या विरुद्ध बाजूला लावा, गोल फिरवत राहा आणि सांध्यावर शेवटी या. डाख नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावतो. गोळा झाल्यावर त्याच्यावरच ज्योत रोखून बसू नका. डाखातलं जस्त उडून जातं, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि पुढच्या वेळी तो वितळायला आणखी जास्त आच मागतो.

पण त्याआधी सांधा बघा. अंगठीची दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर डाख लावूच नका. चांदीच्या कामात डाखाने फट बुजत नाही, बुजलीच तर तिथे खड्डा राहतो. टोकं भिडवून मधून एकदा बारीक करवत फिरवली की दोन्ही कडा एकसारख्या होतात, मग पुन्हा दाबून बसवा. कडा आणि डाखाची पट्टी दोन्ही पॉलिश पेपरने घासा, आणि घासल्यावर तिथे बोट लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत हाताला सतत घाम असतो, तेवढा तेलकटपणाही डाखाला अडवायला पुरतो.

सवागी, म्हणजे टाकणखार (बोरॅक्स), पाण्यात उगाळून सांध्याला लावा. हळूहळू तापवा, कारण पाणी उडताना सवागी लाहीसारखी फुगते आणि घाई केली तर डाखाचा तुकडा उडवून लावते. फुगलेली सवागी खाली बसते आणि काचेसारखी पारदर्शक होते, तोवर सव्वासातशे-साडेसातशे अंश झालेले असतात. चांदीचा कडक डाख, म्हणजे जास्त आचेला वितळणारा, याच्या थोडा पुढे वाहतो. चांदीवर मंद लाली येते आणि एकाएकी सांध्यावर एक चकचकीत रेघ धावते. ती दिसली की ज्योत काढा, त्याच क्षणी. 92.5 टक्क्यांची चांदी 800 अंशांच्या पुढे स्वतःच वितळू लागते, म्हणजे मधे जागा फार थोडी आहे. ती लाली भर उन्हात दिसतच नाही. दाराशी बसून काम करत असाल तर आत सावलीत या. पंखाही बंद ठेवा, गोव्यात जिवावर येतं खरं, पण पंखा ज्योत हलवतो आणि आचही पळवतो. धुरासाठी खिडकी मात्र उघडी हवी.

काळं पडणं म्हणजे चांदीतल्या तांब्याचं जळणं. वरवरचा काळेपणा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व किंवा तुरटी घालून त्यात ठेवलं की निघतो, चिकटलेली सवागीही सुटते. भांडं काचेचं घ्या. अंगठी आधी साध्या पाण्यात विझवा, तापलेली थेट आम्लात टाकू नका. बाहेर काढायला लोखंडी चिमटा नको, तांब्याचा किंवा बांबूचा वापरा, नाहीतर चांदीवर तांब्याची गुलाबी झाक चढते. सांधा धरायला लोखंडी तार गुंडाळली असेल तर तीही आधी सोडवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं शिसं-कथलाचं सोल्डर चांदीला लावू नका. त्याचा सांधा कच्चा असतो, आणि नंतर कधी त्या अंगठीला आच दिली तर शिसं चांदीत शिरून तिला खड्डे पाडतं. शिवाय ही वस्तू कुणाच्या तरी अंगावर राहणार. जुनी पैंजणं दुरुस्तीला आली आणि सांध्यावर करडा, मऊ धातू दिसला, तर मी तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय ज्योत पेटवत नाही.

एकाच दागिन्यात दोन-तीन सांधे असतील तर पहिल्याला कडक डाख, शेवटच्याला मऊ. मऊ डाख सातशेच्या आसपास वाहतो, म्हणून आधीचे सांधे सुटत नाहीत. जवळच्या सांध्यावर गेरूचं पाणी लावलं तर तिथला डाख आणखी जागेवर राहतो. पोकळ मणी करत असाल तर हवा जायला एक भोक आधी पाडा, आत हवा कोंडली तर तापल्यावर मणी फुटतो.

डाख सोनाराकडून विकत घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारा. त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो, आणि घरातल्या छोट्या खोलीत काम करणाऱ्याला तो सर्वांत आधी बाधतो. नीट उत्तर मिळालं नाही तर तो डाख घेऊ नका.